दोन दारांची खोली

आमच्या डोंगरावर गणपतीची आरती सुरू झाली की एक माणूस घराला कडी घालून वरच्या पाण्याच्या टाकीकडे चालू लागायचा. आरती संपली, प्रसाद वाटून झाला की खाली यायचा. आमच्या बाजूला जयंतीची गाणी लागली तरी तेच. त्या बाबतीतही त्यांच्याकडे पक्षपात नव्हता.

माझे बाबा म्हणायचे, "गावकर नास्तिक आहे." बाबांच्या तोंडी हा मोठा गौरव होता. पण गावकरकाका नास्तिक नव्हते. घरात देवी होती, सकाळी उदबत्ती लागायची. त्यांना देव चालायचा. माणसं एका सुरात गायला लागली की मात्र ते थांबायचे नाहीत.

घाटकोपरच्या डोंगरावर तेव्हा आमच्या दोन चाळी होत्या. वरची कोकणातल्या लोकांची, गिरण्यांतून बाहेर पडून मिळेल त्या कामाला लागलेल्यांची. खालची आमची, साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या बौद्धांची. मधे एक नळ. आणि नळाच्या वरच्या अंगाला, दोन्ही चाळी जिथे एकमेकींना पाठ लावतात तिथे, गावकरकाकांची खोली. तिला दोन दारं होती. एक वरच्या चाळीच्या गल्लीत उघडायचं, दुसरं आमच्या. बायको लवकर गेलेली, मूल नाही. फौजेतून हवालदार म्हणून सुटले आणि महापालिकेच्या टाकीवर राखणदार म्हणून लागले. पाणी सोडायची लांब लोखंडी चावी त्यांच्या खांद्यावर असायची.

नळावर रोज भांडण व्हायचं. दोन्ही चाळींतल्या बायका एकमेकींचे सात पिढ्यांचे उद्धार करत काकांच्या दारात यायच्या.

"हवालदार, हिनं माझी कळशी मागं सारली!"

"अगं जा, तुझी कळशी होती कुठं? विटकर ठेवली होतीस नंबराला!"

"गप! दोघी गप," काका म्हणायचे. "तू आत ये. बाकीचे भायर. तुझी सासूपण भायर."

मग दोन्ही दारं लावायची, आत आलेल्या बाईला पेलाभर पाणी द्यायचं आणि विचारायचं, "तुका काय होया?" बाई सुरुवात करायची की ती अशी म्हणाली, मग मी अशी म्हणाले. काका हात वर करायचे. "कारण नको सांगू. कारण इचारला की माणूस दुसऱ्याचा कारण सांगता. तुका काय होया, तेवढाच सांग." तीनदा विचारायचे. तिसऱ्यांदा बाई बहुतेक वेळा म्हणायची, "काही नको. जरा बसू दे इथं." आणि बसायची. मग हव्या त्या दाराने जायची.

मी हे सगळं त्यांच्या खिडकीच्या गजांतून पाहिलंय. त्या वयात मला ही पद्धत म्हणजे म्हातारपणाचा एक विक्षिप्तपणा वाटायची.

वरच्या चाळीतली सुमती आमच्या चाळीतल्या एका मुलाबरोबर लग्न करणार म्हणाली तेव्हा दोन्ही गल्ल्यांत काठ्या निघाल्या. काकांनी तिला खोलीत घेतलं, दारं लावली. बाहेर एका दाराशी तिचे भाऊ, दुसऱ्या दाराशी आम्ही. काकांनी दार किलकिलं करून दोन्हीकडे एकच सांगितलं, "नळाच्या पलीकडे व्हा. दार दिसता तवसर कोण उभो रवाचो नाय." कुणी हलेना, तेव्हा टाकीची चावी दाखवून म्हणाले, "उद्याचा पाणी होया मां?" सगळे हलले. सुमती दुपारपर्यंत आत बसून राहिली. शेवटी आमच्या दाराने बाहेर आली. आज तिला दोन मुलं आहेत, वरच्या चाळीतली आई तिच्याकडे येते-जाते. तेव्हा आम्ही फक्त जिंकलो म्हणून नाचलो. काकांनी सगळ्यांना दाराच्या नजरेबाहेर का घालवलं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं पोतंभर. बाबा मुलुंडच्या बाजूला पंख्यांच्या एका कारखान्यात होते, युनियनच्या कमिटीवर. पत्रकं छापायची स्टेन्सिल कापायला मी दहावीतच शिकले. सोळाव्या वर्षी माझं स्वतःचं पत्रक निघालं. दिल्लीत अलिप्त देशांचा मोठा मेळावा भरला होता, पेपरांत कबुतरं उडत होती, आणि मला त्या कबुतरांचा संताप आला होता. मी लिहिलं होतं : "तटस्थ देश म्हणजे कुंपणावरचा कावळा. दोन बैलांची झुंज संपली की मेलेल्या बैलावर उतरतो."

ते घेऊन मी टाकीवर गेले. काका पायरीवर बसून पेपर वाचत होते. परदेशाच्या बातम्या ते बोट फिरवून वाचायचे. माझं पत्रकही तसंच वाचलं, दोन्ही बाजूंनी, मागची बाजू कोरी असूनही.

"बरा लिवलंस. मी कुंपणावरच होतंय, गो चेडवा."

"कुठल्या कुंपणावर?"

"कोरियात."

त्या दिवशी ते त्याबद्दल पहिल्यांदा बोलले. पुष्कळ वर्षं मुंबईत काढूनही लांबचं काही सांगताना त्यांची बोली मालवणीवरून सरळ पुस्तकी मराठीवर यायची, जणू रिपोर्ट देताहेत.

कोरियातली लढाई थांबली तेव्हा हजारो कैदी असे होते की ते आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. निदान त्यांना पकडणारे तसं सांगत होते. त्यांचे देश म्हणत होते, आमची माणसं तुम्ही दडपून ठेवली आहेत. खरं काय ते त्या माणसालाच विचारायला हवं. पण विचारणार कोण? म्हणून पाच तटस्थ देश निवडले. स्वित्झर्लंड आणि स्वीडन एका बाजूला कललेले, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूला, आणि मधे भारत. कैद्यांवर पहारा भारताच्या जवानांचा. एक तंबू उभारायचा. कैद्याला एकट्याला आत आणायचं. त्याच्या देशाचे लोक त्याला समजावणार. मग त्याला विचारायचं. तंबूला दोन दारं. एका दाराने घरी, दुसऱ्याने परत छावणीत.

"आणि माणूस कुठल्याच दाराने गेला नाही तर?" मी विचारलं.

"थोडे तसे पण होते. म्हणाले, हे नको, तेही नको. त्यांना शेवटी आमच्याबरोबर बोटीत घेतलं, भारतात आणलं." ते हसले. "माझ्या खोलीत बायका बसून रवतत ना, तशे."

मी तरीही ऐकणार नव्हते. म्हटलं, "काका, तो काळ गेला. आता तटस्थ देश करतात काय? दोन्ही दांडगे देश भेटणार म्हटलं की हॉटेल देतात, टेबल पुसून देतात. आणि आपण? विमानं एकाकडून, कर्ज दुसऱ्याकडून, भाषण शांतीवर."

मला वाटलं चिडतील. त्यांनी दक्षिणेकडे बघितलं. टाकीवरून माहुलच्या तेल कारखान्याची ज्योत दिवसाही दिसायची, आणि तिच्या मागे अणुभट्टीचा ट्रॉम्बेचा डोंगर.

"खरा असा," ते म्हणाले. "तेव्हा आमका बोलावलानी, कारण आमच्याकडे काय नव्हता. काठी होती. तंबूत बंदूक न्यायची नाही, असा हुकूम होता. आता थंय ट्रॉम्बेला काय शिजता माका ठावक नाय. पण वजन वाढतला. आणि वजनदार माणसाक कोणी भांडणात मधी बोलावत नाय. त्याका घाबरतत, नायतर आपल्या बाजून ओढतत."

मी विचारलं, "मग तुम्ही आरतीला का पळता?" हा प्रश्न कुठून आला मलाच कळलं नाही. ते उठले, चावी उचलली आणि म्हणाले, "पाण्याची वेळ झाली."

पाणी सुटायला अजून तासभर होता.

पंख्यांच्या कारखान्यातला संप दुसऱ्या वर्षी सुरू झाला आणि संपेचना. सात महिने झाले. आमच्या दोन्ही चाळींतले मिळून बरेच जण त्या कारखान्यात. आमच्याकडे भांडी विकली जाऊ लागली. वरच्या चाळीतली बिऱ्हाडं गावाला पोचवली गेली. कंपनीने काही अटी टाकल्या : सही करा, कामावर या. कमिटीत फूट पडली. काही म्हणाले, माणसांनाच विचारा. चिठ्ठ्या टाकायला कुणी तयार नव्हतं. चिठ्ठ्या बदलतात, हे आम्ही आधी एकदा पाहिलं होतं. तेव्हा बाबाच म्हणाले, "गावकरला बसवा. तो विचारील. त्याच्या पद्धतीने."

दोन्ही चाळी हो म्हणाल्या. डोंगराखालच्या व्यायामशाळेला दोन दारं होती. एकेकाने आत जायचं, काका विचारणार. संप चालू ठेवायचा तर डाव्या दाराने बाहेर, कामावर जायचं तर उजव्या. काका प्रत्येकामागे एकेक खडा डब्यात टाकणार. त्यांनी अट एकच घातली. बाबांच्या समोर मला म्हणाले, कारण पोरांना सांभाळायचं काम माझ्याकडे होतं : "दोन्ही दारांसमोर कोण नको. दार दिसता तवसर कोण नको. कबूल?"

"कबूल, काका."

रविवारी सकाळी मी कर्णा घेऊन उजव्या दारापासून तीसेक पावलांवर उभी होते. माझ्याबरोबर वीस-पंचवीस पोरं. आम्ही कुणाला अडवत नव्हतो. आम्ही फक्त घोषणा देत होतो, सात महिने उपाशी राहिलेल्या माणसांना धीर यावा म्हणून. त्यात काय वाईट? असंच मी मनात म्हणत होते. आम्ही काकांची दोन दारांची पद्धत घेतली. दारांसमोर जागा मोकळी ठेवायची अट घेतली नाही.

दुपारपर्यंत उजव्या दाराने कुणी आलं नाही. मग बबन तांबे आला.

तांबे आमच्याच चाळीतला. बाबांच्या शेजारच्या मशीनवर. बायको क्षयाने अंथरुणाला. दारातून बाहेर आल्यावर त्याने उन्हाला हात आडवा धरला, आणि आम्ही दिसलो तसा तो हात तिथेच राहिला.

तिघं पुढे झाले. एक मला म्हणाला, "ताई, जरा समजावतो त्याला." ते त्याला व्यायामशाळेच्या मागे, नाल्याकडच्या बोळात घेऊन गेले. तांबेने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाबांच्या डब्यातून जेवलेला माणूस.

आणि मी काय केलं? मी घोषणा वाढवली. आधी एक जण सांगायचा, बाकीचे उत्तर द्यायचे. मी मधली जागाच काढून टाकली. सगळे एकदम, न थांबता. टाळ्या, पत्र्यावर काठ्या. मी स्वतःला सांगत होते की जोश आला आहे.

उजवं दार उघडलं आणि काका बाहेर आले. आत एक कामगार हातात पाण्याचा पेला घेऊन तसाच उभा होता. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते कान पुढे करून चालत होते, आंधळा माणूस चालतो तसे. आमच्या घोळक्यातून सरळ पलीकडे गेले. पोरांनी वाट दिली, कारण त्यांच्या तोंडावर जे होतं ते आम्ही कधी बघितलं नव्हतं. बोळात शिरले. मी तोंडाशी कर्णा धरून होते, पण आवाज आपोआप बंद पडला, आणि आवाज बंद पडल्यावर बोळातलं ऐकू आलं.

काकांनी तांबेला हाताला धरून बाहेर आणलं. त्याच्या कानातून रक्त येत होतं. मग आतून डबा आणून काकांनी त्यातले खडे सगळ्यांसमोर जमिनीवर ओतले.

"मोजणी बंद," ते म्हणाले. "मी पंच नाय. ह्या माणसाच्या बाजूचो असंय."

पुढचं लवकर सांगते. कंपनीने पत्रक काढलं : निःपक्ष माणसालाही संपवाल्यांची गुंडगिरी सहन झाली नाही. कंपनीकडून एक बाई मिठाईचा खोका आणि पहारेकऱ्याच्या नोकरीचा निरोप घेऊन आली. काकांनी खोका उघडलाही नाही, परत पाठवला. पण खोका आलेला सगळ्यांनी पाहिला, परत गेलेला कुणी पाहिला नाही. आमचंही पत्रक निघालं. मथळा होता : "पंच फुटला." तो मथळा माझा. स्टेन्सिलही मीच कापली.

संप महिनाभरात मोडला, न विचारताच. ज्यांना कामावर घेतलं ते गेले, ज्यांना घेतलं नाही ते घरी राहिले. बाबा राहिले. दोन्ही चाळींना एक गोष्ट पटली : हे सगळं हवालदारामुळे झालं. नळावरची भांडणं आता नळावरच फुटू लागली. त्यांच्या दोन्ही दारांशी कुणी जाईना. तांबेही गेला नाही. त्याचा एक कान कायमचा गेला होता, आणि ज्याने वाचवलं त्याला तोंड कसं दाखवायचं, हे त्याला कळत नव्हतं.

मी गेले. भांडायला गेले. दारातूनच म्हटलं, "तुम्ही बाजू घेतलीत. तुम्ही वचन मोडलंत."

"ये. बस." त्यांनी दारं लावली आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. मग त्या रिपोर्टाच्या भाषेत बोलू लागले.

"छावणीत आतली सत्ता आमची नव्हती. आम्ही तारेबाहेर. आत कैद्यांतलेच मुकादम, परत न जाण्याच्या बाजूचे. जो घरी जाऊ म्हणेल त्याच्यावर त्यांची नजर. एक लांब मानेचा माणूस होता. रोज तारेशी यायचा. हातांनी दाखवायचा : एवढी मुलगी, एवढा मुलगा, एक कोंबडी. कोंबडी करून दाखवली की मी हसायचो. एके सकाळी आला आणि तार धरून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागला. मला भाषा येत नव्हती. फाटकाची चावी माझ्या हातात होती. हुकूम असा, की ज्याला यायचं त्याने रीतसर सांगायला हवं. आपल्या मनाने फाटक उघडायचं नाही. उघडलं तर आपण बाजू घेतली असं होतं. चौघं आले, त्याला मागे नेलं. आणि गाणं सुरू झालं."

त्यांनी दाराची कडी चाचपून पाहिली.

"अख्खी छावणी गाईत होती. सुरात. पत्र्याचे डबे वाजवीत. आम्ही बाहेर उभे. एक शीख जवान म्हणाला, वा, काय गातात. दुपारपर्यंत गात होते. दुसऱ्या दिवशी मोजणीत एक कमी. तंबूखालची माती ओली लागली म्हणून खणलं. दुभाष्याला मी तो शब्द म्हणून दाखवला. तो म्हणाला, याचा अर्थ घर."

बाहेर नळावर कुणीतरी हंडा आपटला.

"त्याने तीनदा नाही गो, तीसदा सांगितलान होता. चावी माझ्याकडे होती. चावी ज्याच्याकडे, तो कसलो तटस्थ?"

मी म्हटलं, "म्हणजे माझं पत्रक बरोबर होतं. कुंपणावरचा कावळा."

"नाय. दारात कोणतरी होयोच. आपण नसतो तर एकाकही कोणी इचारला नसता. ती दोन मोठी माणसा नुसती ओढत रवली असती." त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. "पण मी थंय उभो रवलंय आणि ऐकलंय नाय. आता सांग. तांबेक बोळात नेलानी ता तू बघितलंस?"

"नाही."

"तांबेक नेलानी ता तू बघितलंस?"

"गर्दी होती, काका."

"तू बघितलंस?"

मी पाणी प्यायले. ते वाट बघत होते, रागावल्याशिवाय. मी रिकामा पेला खाली ठेवला. मग ते उठले आणि दोन्ही दारं उघडली. आमच्या गल्लीत माझी पोरं उभी होती, मी आत काय बोलते ते ऐकायला. मी वरच्या चाळीच्या दाराने बाहेर पडले आणि लांबच्या वाटेने घरी गेले.

पुढल्या वर्षी ते निवृत्त झाले. टाकीची चावी नव्या माणसाला दिली. खोली विकून गावाला चाललेत, एवढंच कानावर आलं. कुणी निरोप दिला नाही.

ज्या सकाळी ते निघाले त्या सकाळी आम्ही डोंगर उतरत होतो. पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसवर मोर्चा होता, शंभरेक माणसं, पुढे मी, हातात तोच कर्णा. उतारावर, भिंतीच्या कडेला काका ट्रंक खाली ठेवून आम्हाला वाट देत उभे होते. मला वाटलं मान वळवतील, नाहीतर टाकीकडे बघतील. ते तिथेच राहिले. मान थोडी तिरपी करून, उजवा कान मोर्चाच्या दिशेने धरून.

ते आमच्या घोषणा ऐकत नव्हते. घोषणांच्या मागे काय आहे, ते ऐकत होते.

मी कर्णा खाली घेतला. हात वर केला. मोर्चा अडखळला, मागून कुणीतरी ओरडलं, "काय झालं, ताई?" आणि मग उतारावर सगळं गप्प झालं. चपला घासल्याचा आवाज. एक मूल खोकलं. शेवटच्या रांगेत बबन तांबे होता, बरा कान पुढे करून, एवढं गप्प का झालं ते न कळून.

काकांनी रांगेच्या टोकापर्यंत पाहिलं. त्याच्यावर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली, जिथे चावी असायची तिथे, आणि उतरू लागले.

ते वळणाआड जाईपर्यंत मी घोषणा दिली नाही. त्यानंतर आजपर्यंत शेकडो दिल्या. प्रत्येकीच्या आधी मी थांबते, आणि माझी माणसं वैतागतात.